शिंप्याचं घरटं आणि तुमचं व्याख्यान

रोहिणखेड, ता. ९ जुलै १९३७

रा. रा. वामनराव यांस,

नवऱ्याचं नाव लिहिताना बायकोचा हात अडखळावा अशी रीत आहे. माझा अडखळला नाही. शाळेत हजेरी घेताना पोरींची नावं लिहायची तसं लिहून टाकलं.

तुमचं पत्र पोचलं. पहिल्या दोन पानांवर बुलढाण्याचा पाऊस, हेडमास्तरांचा स्वभाव आणि तुमचं पडसं आहे. खरा मजकूर तिसऱ्या पानावर सुरू होतो. "यंदा शिंपी पक्ष्याविषयी काही पाहण्यात आले असल्यास सविस्तर कळवावे. मासिकाचे संपादक फार मागे लागले आहेत." म्हणजे माझी गरज तिसऱ्या पानापासून पुढे आहे. एवढं कळायला मला दोनदा वाचावं लागलं नाही.

मासिकात तुमचे लेख आले. चिरकावर, वटवट्यावर, शिंप्यावर. खाली "वामनराव, बी. ए., बुलढाणे". अहो बी. ए., चहा निवायला लागतो तेवढा वेळ तरी तुम्ही कधी एखाद्या घरट्यासमोर बसलात का? बसत होते मी, स्वैपाकघराच्या खिडकीशी, निवडणं पुढ्यात घेऊन. तुम्ही शाळेतून यायचात, टोपी काढायचात आणि विचारायचात, "काय म्हणतात आज तुझी पाखरं?" मला वाटे, नवरा कौतुकानं विचारतो आहे. मी वेड्यासारखी सांगत सुटे. मग अंक आला आणि त्यात माझीच वाक्यं छापलेली दिसली. "मादी आळीला फांदीवर आपटून मऊ करते आणि मगच पिलाच्या चोचीत घालते." हे मी भाकरी थापता थापता बोलले होते. तुम्ही त्यात फक्त "असे निरीक्षणांती आढळते" एवढी भर घातली.

तेव्हा विचारलं तर म्हणालात, "अगं, बाईच्या नावानं आलेलं शास्त्र लोकांना पटत नाही." मी अमरावतीला ट्रेनिंग केलेली, लग्नाआधी मुलींच्या शाळेत शिकवलेली. मला लिहिता येत नाही असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून तुम्हाला लोक आठवले.

मार्चपासून मी इथं भावाकडे आहे. का आले, परत कधी येणार, हे चार पानांत कुठंच नाही. शिंपी मात्र तीन वेळा आहे.

कळवण्यासारखं काही नाही.

मनकर्णा

रोहिणखेड, ता. ४ ऑगस्ट १९३७

रा. रा. वामनराव यांस,

दुसरं पत्र आलं. त्यात "कृपया" असा शब्द आहे. लग्नाच्या सहा वर्षांत तो मला प्रथमच दिसला, तेव्हा म्हटलं, बाई, एवढा खर्च केला माणसानं, रिकामं कशाला पाठवायचं?

दादासुद्धा मागे लागला आहे. माझा भाऊ पंजाबराव तुम्हाला माहीतच आहे. पेरणी आटोपली की त्याला बहिणीची आठवण होते. परवा जेवताना म्हणाला, "मनू, दिवाळीले मीच तुले बुलढाण्याले पोचवून देतो. किती दिवस ऱ्हायशील अशी? लोकं विचारून राह्यले." मी म्हटलं, "लोकांना सांग, भाचरं नाहीत म्हणून बहीण मोकळी आहे." तो ताटावरून उठला.

तर शिंप्याचं ऐका. वहिनीच्या परसात वांगी आहेत. तिथं एका रुंद पानाच्या दोन कडा मादीनं शिवून घेतल्या. चोचीनं भोकं पाडली, त्यातून कोळ्याचं जाळं आणि कापूस ओढून घेतला. कापूस वहिनीच्या उसवलेल्या गोधडीतला. नर जवळच्या लिंबावर बसून ओरडत होता. शिवायला त्यानं चोच लावल्याचं मी पाहिलं नाही. पिलं निघाल्यावर मात्र दोघंही खपत होते. आळ्या आणायच्या, पिलांची घाण पांढऱ्या थैलीत बांधलेली असते ती चोचीत धरून लांब नेऊन टाकायची. दोघंही हे करत.

पिलांना पिसं फुटायच्या आधीच आमच्या मांजरानं मादी धरली.

आता पुढचं नीट उतरवून घ्या, तुमच्या उपयोगाचं आहे. नरानं एकट्यानं पिलं वाढवली. दिवसभर भरवलं, आणि अंधार पडला की स्वतः घरट्यात शिरून, पंख पसरून, आईसारखा पिलांवर बसला. रोज रात्री. सगळी पिलं उडून गेली. शालूवहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "असा नर म्या तं कुठी पाह्यला नाही बाई."

हे मी दुसऱ्या कुणाला कळवलेलं नाही. तुम्हीच छापा.

मनकर्णा

रोहिणखेड, ता. ३० सप्टेंबर १९३७

रा. रा. वामनराव यांस,

अंक मिळाला. "एका पित्याची रात्र" हा मथळा तुमचाच असणार, मी इतकी खाली उतरले नव्हते. त्या नराला तुम्ही आकाशाकडे पाहायला लावलं आहे. शिवलेल्या पानाच्या पिशवीत बसून आकाश कसं दिसतं ते तुम्हीच जाणे. पुढे त्याच्या डोळ्यांत पाणीही आणलं आहे. माझ्या चार ओळींची तुम्ही सहा पानं केलीत. कष्टाळू आहात.

गणेशोत्सवात तुमचं यावरच व्याख्यान झालं, हेही कळलं. आपल्या शेजारच्या सुभद्राबाई इथं बहिणीकडे आल्या होत्या, त्या मुद्दाम मला भेटायला आल्या. म्हणाल्या, "लई गर्दी होती. मास्तर बोलले अन् बाया रडल्या. माणसंबी डोळे पुसत होते. शेवटी त्यायनं सांगितलं, आईची माया जग पाहाते, बापाची कोनाले दिसत नाही."

मी विचारलं, "तुम्ही रडलात?"

 सुभद्राबाई म्हणाल्या, "मी काऊन रडू? मी व्हती ना तिथं, विमलच्या वक्ताले."

वामनराव, या सुभद्राबाई तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या. तुम्हाला दिसल्या असतील. तुमची दहा महिन्यांची मुलगी फुप्फुसाच्या तापानं गेली तेव्हा तिला न्हाऊ घालणाऱ्या त्या. तुम्ही तेव्हा संमेलनात निबंध वाचायला नागपूरला गेला होता. निघायच्या दिवशीच ताप चढला होता. मी म्हटलं, "थांबा." तुम्ही म्हणालात, "पोरांना ताप येतोच, आणि माझं नाव कार्यक्रमात छापलं आहे." दुसऱ्या दिवशी एका माणसाच्या हाती औषधाची बाटली पाठवलीत. बाटली चांगली होती. ती अजून फोडलेली नाही.

निबंधाचा विषय "पक्ष्यांचे अपत्यसंगोपन" होता. तो फार रंगला, असं तुम्ही घरी आल्यावर सुतकातच मला सांगितलंत. मुलीबद्दल बोललात ते एवढंच, "देवाची इच्छा." मग पाणी मागितलंत.

आज तुमच्या पत्रात विचारलं आहे, पुढच्या अंकासाठी आणखी असंच काही हृद्य आहे का.

नाही.

मनकर्णा

रोहिणखेड, ता. १८ नोव्हेंबर १९३७

रा. रा. वामनराव यांस,

माझं नाव छापून आलं! तुमचे मनापासून आभार.

इतके लेख आले तेव्हा कधी आलं नाही, ते आता आलं. अमरावतीच्या एका निवृत्त जंगल रेंजरनं संपादकांना लिहिलं की शिंप्याचा नर रात्री पिलांवर बसत नाही, मादीच बसते. लेखकानं हे स्वतः पाहिलं आहे काय? आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? "सदरहू चूक माझी पत्नी सौ. मनकर्णाबाई हिच्या सदोष निरीक्षणामुळे झाली. स्त्रीसुलभ भावनावशतेने तिने पाहिले एक व कळविले भलतेच. वाचकांनी क्षमा करावी."

मी हा अंक ओसरीवर बसून दादाला मोठ्यानं वाचून दाखवला. त्याला आधी वाटलं, माझं कौतुकच छापलं आहे. मग म्हणाला, "म्हंजे थे सारं तूच पाह्यलं व्हतं? मंग याचं नाव कसं?" मी म्हटलं, "तुझ्या मेहुण्याला विचार." दिवाळी होऊन गेली, पण बुलढाण्याला पोचवायची गोष्ट त्या दिवशी त्यानं काढली नाही. आता पुन्हा काढतो, पण आवाज खाली असतो.

माझं निरीक्षण सदोष नव्हतं. मी तुम्हाला खोटं कळवलं, समजून उमजून कळवलं. भावनावश होऊन नव्हे, अगदी थंड डोक्यानं, दौतीत दोनदा टाक बुडवून.

का, ते सांगते. मला पाहायचं होतं, तुम्ही विचारता का. वांग्याच्या झाडात, अंधारात, पिशवीसारख्या पानाच्या आत कोण बसलं आहे, हे मला कसं दिसलं? जो माणूस एक संध्याकाळ घरट्यासमोर बसला असेल तो पहिल्यांदा हेच विचारील. तुमच्या शाळेतलं पोरगंही विचारील. तुम्ही विचारलं नाहीत. आपल्या मुलीबद्दल विचारलं नाहीत तसंच. बाप किती थोर असतो एवढं वाचलंत आणि तुमचं भागलं.

आता खरं काय झालं तेही घ्या.

मादी गेली त्या दिवशी नर वेड्यासारखा भरवत राहिला. दिवस बुडाला तसा तो लिंबावर जाऊन झोपला. त्याची जात तशीच झोपते, त्यात त्याचा दोष नाही. त्या रात्री पावसाळी गारठा होता. उघड्या अंगाची पिलं, वर पांघरायला कुणी नाही. सकाळी बघितलं तर एकच जिवंत. तो आळी घेऊन आला आणि मेलेल्यांच्या चोचीला लावत बसला. चोच उघडेना. लिंबावर जाई, ओरडे, पुन्हा येई. जिवंत होतं त्याला मात्र भरवलं. त्या संध्याकाळी मी पान तोडून घरटं सुपात घेतलं, चुलीपाशी ठेवलं. वहिनी म्हणाली, "काऊन जीव लावतं बाई, हे जगनार नाही." सकाळी ते जिवंत होतं. सूप परत वांग्यापाशी ठेवलं, नर आला, त्यानं खाऊ घातलं. दुपारी तेही गेलं. तो दुसऱ्या दिवशीही आळी घेऊन आला होता.

पाखराशी तुमची तुलना करते आहे असं समजू नका. पाखराला कमीपणा येईल.

मनकर्णा

रोहिणखेड, ता. २२ डिसेंबर १९३७

रा. रा. वामनराव यांस,

तुमचं पत्र या वेळी एकच पानाचं, आणि पडशाचा उल्लेख नाही. भ्यालात म्हणजे तुम्ही थोडक्यात लिहिता, हे चांगलं आहे.

होय, संपादकांनी मला लिहिलं. तुमच्या क्षमापनावरूनच त्यांना शंका आली. एक निरीक्षण बाईंचं असेल तर बाकीची कुणाची? माणूस हुशार आहे, तुमचे लेख छापत होता तरी. मी त्यांना सगळं लिहून पाठवलं आहे. आधीचे लेख माझ्या तोंडचे, हे लिहिलं. नराची रात्रही माझीच लबाडी, हेही लिहिलं. रेंजरसाहेबांची माफी मागितली, तुमची मागितली नाही. आणि मांजरानं मादी नेल्यावर त्या नरानं काय केलं ते जसंच्या तसं लिहिलं, आकाशाकडे न बघता.

तुम्ही म्हणता, शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हेडमास्तर हसतील. हसू द्या. मुलं तर आधीपासून हसत असतील, मुलांना शिक्षक लवकर कळतो. तुम्ही म्हणता, "आपण दोघांच्या नावाने प्रसिद्ध करू, तुझेही नाव येईल." तुझेही! माझ्याच ताटात तुम्ही मला वाढायला निघालात. लबाडी माझ्या एकटीच्या नावावर आणि खरं बोललेलं दोघांच्या नावावर, अशी वाटणी तुम्हालाच सुचू जाणे.

दुसरी बातमी. जळगाव जामोदच्या मुलींच्या शाळेत जागा आहे. मी अर्ज केला होता, मंजूर झाला. राहायची सोय तिथल्या मोठ्या बाईंच्याच घरी आहे.

दादानं आकांत मांडला. "नवरा जिता हाय अन् तू नोकरी करशील? मले गावात फिरू देतीन का लोकं? मी त्यायले बोलावून घेतो, ते नेतीन तुले." मी म्हटलं, "बोलाव." त्यानं तुम्हाला बोलावलं आहेच. या. मला न्यायला येणार असाल तर मोटारीचं तिकीट एकट्याचंच काढा.

वहिनीनं मध्ये तोंड घातलं. ती दादापुढे सहसा बोलत नाही. म्हणाली, "त्यायले येऊ द्या. येऊन काय बोलतात, थे पाहू."

मीही तेवढंच पाहणार आहे.

मनकर्णा

जळगाव जामोद, ता. १४ फेब्रुवारी १९३८

वामनराव,

तुम्ही रोहिणखेडला आलात त्या दिवशी मी उत्तर न देता आत निघून गेले, आणि तुम्ही जाईपर्यंत बाहेर आले नाही. ते उद्धटपणानं केलं नव्हतं. एरवी उद्धटपणा करायला मी लाजत नाही हे तुम्हाला आता माहीत आहे.

तुम्ही ओसरीवर बसला होता. दादानं पानाचं तबक पुढे केलं होतं आणि तो तुमच्या बाजूनं बोलत होता; संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं वगैरे. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते, की आता मासिकाचा विषय निघेल. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुम्ही टोपी काढून मांडीवर घेतलीत. दादाचं बोलणं मध्येच तोडलंत. आणि वहिनीसमोर, सालदार गड्यासमोर, खाली मान घालून मला विचारलंत, "विमल शेवटी कशी होती?"

दादाला पान तोंडात घालता येईना.  तुम्ही गेल्यावर तो आत येऊन म्हणाला, "म्हंजे यानं अजून विचारलंच नव्हतं?" मी म्हटलं, "नव्हतं." "जाय तू जळगावले," तो म्हणाला. "मीच सोडून देतो." नांदुऱ्यापर्यंत स्वतः दमणी हाकत आला, मोटारीत बसवून दिलं, आणि ड्रायव्हरला माझ्यादेखत दम भरला की हळू चालव.

इथं बरं आहे. मुली सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतूनही येतात, धीट आहेत. लेख या महिन्यात आला, माझ्या नावानं. तुमच्यापर्यंत अंक आला असेलच. त्याबद्दल मला तुमचं काही ऐकायचं नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते. अकरा महिने लागले तुम्हाला, पण विचारलंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरल्यासारखा वाटला. मला हुरूप आला. अंग पुसलं, पिवळं झबलं घातलं. दूध घेईना, चमचा मात्र हातात धरून बसली, खाली टाकी, मी उचलून दिला की पुन्हा टाकी. एकदा हसलीही. सुभद्राबाई म्हणाल्या, "आता काही भेव नाही." दुपारी जेवणाच्या वेळेला श्वास भराभर चालू लागला. नाकपुड्या उडत होत्या. सुभद्राबाईंचे यजमान डॉक्टरकडे पळत गेले. मी तिला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होते, कारण आडवी ठेवली की गुदमरे. तुमचा शाळेचा काळा कोट खुंटीला होता. प्रत्येक फेरीत तो समोर येई. एका फेरीला तिनं हात वर केला, कोटाकडे बोट केलं आणि म्हणाली, "बा."

तिला तो शब्द नवीनच आला होता. नागपूरला जायच्या गडबडीत तुम्ही ऐकला नव्हता. मी थांबले. कोटाजवळ नेलं तिला. तिनं बाही धरली, मुठीत घट्ट. मग मी फेऱ्या घातल्या नाहीत, तिथंच उभी राहिले, तिला बाही सोडायला लागू नये म्हणून. डॉक्टर आले तेव्हाही आम्ही तिथंच होतो. तिची मूठ सुभद्राबाईंनी सोडवली.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुम्ही आलात, तोच कोट अंगात घातलात आणि तिसऱ्या दिवशी शाळेत गेलात. तेव्हाही मी दाताखाली जीभ धरून बसले. मला वाटायचं, हे एवढंच एक तुम्हाला मिळू द्यायचं नाही. तुम्ही त्याचा लेख केला असता.

मी बुलढाण्याला येणार नाही. दादाकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून निरोप पाठवू नका. तुमच्याबद्दल माझं मत बदललं असं समजू नका. तुम्ही एक प्रश्न विचारलात, एवढंच झालं आहे. आणखी काही विचारायचं असेल तिच्याबद्दल, तिला कोणता दात आधी आला, ती कशाला घाबरायची, तर लिहा. मी उत्तर देईन.

मात्र यातलं एक अक्षरही कुठं छापू नका.

मनकर्णा